सॉफ्टनर चालू, तरी बॉयलरमध्ये थर: सोलापुरातल्या एका सूत रंगाई कारखान्याचं प्रकरण

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं सूत रंगवणारा एक मध्यम कारखाना आहे. बॉयलर २ टन प्रति तासाचा, तीन पासचा (धुराच्या आत तीन फेऱ्या), ब्रिकेटवर म्हणजे दाबून केलेल्या जैवकचऱ्याच्या कांड्यांवर चालणारा. नळ्यांतून धूर जातो आणि नळ्यांभोवती पाणी असतं. जुलैत त्याच्या मागच्या ट्यूब प्लेटवर नळ्यांची टोकं गळायला लागली. दुरुस्तीवाल्याने टोकं एक्स्पांड करून, म्हणजे आतून फुगवून प्लेटच्या भोकात घट्ट बसवून दिली. काही आठवड्यांत शेजारच्या नळ्या गळू लागल्या, त्याही एक्स्पांड झाल्या. तिसऱ्यांदा गळती दिसली तेव्हा मालकांनी ठरवून टाकलं की नळ्यांचा माल हलका आहे आणि सगळा संच बदलायचा. त्याआधी एकदा बघून घ्या, म्हणून मला बोलावणं आलं.

मागची ट्यूब प्लेट म्हणजे भट्टीतला जाळ जिथे वळून दुसऱ्या पासच्या नळ्यांत शिरतो ती जागा. धातूला सगळ्यात जास्त सोसावं लागतं ते इथेच. त्यामुळे फक्त तिथली टोकं गळत असतील आणि पुढची प्लेट कोरडी असेल, तर नळीच्या मालावर संशय घेण्याआधी पाण्याच्या बाजूला काय साचलंय ते पाहायला हवं. इथे पुढची प्लेट खडखडीत कोरडी होती.

मालकांचं म्हणणं साधं होतं. सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) आहे, केमिकल चालू आहे, फेब्रुवारीच्या वार्षिक तपासणीत बॉयलर आतून स्वच्छ निघाला होता. मग क्षारांचा थर येणार कुठून? त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि त्यातली फेब्रुवारीची गोष्ट फार उपयोगाची होती. जे काही झालं ते फेब्रुवारीनंतर झालं, एवढं त्यातून पक्कं झालं.

बॉयलर उघडण्याआधी चालू अवस्थेतच बरंच कळतं. पहिली खूण चिमणीचं तापमान. नवीन असताना नेहमीच्या लोडला ते २१० ते २१५ अंश असायचं, लॉगबुकात तशा नोंदी होत्या. आता काटा २७२ वर. पण हा आकडा एकटा काही सांगत नाही, कारण नळ्यांत काजळी बसली तरी चिमणी तापते. म्हणून नळ्या ब्रशने साफ करायला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच लोडला पुन्हा वाचन घेतलं. २५६ आलं. म्हणजे १६ अंश काजळीचे, आणि उरलेले ४० च्या वर अंश ब्रशने न हटणारे. ते पाण्याच्या बाजूचे. काजळी आणि क्षार यांची फारकत करायला याहून स्वस्त चाचणी मला माहीत नाही, आणि ती कुठल्याही कारखान्यात होऊ शकते.

दुसरी खूण गेज ग्लासची, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेची. काचेतलं पाणी स्थिर नव्हतं, सारखं उसळत होतं. ड्रायरकडे जाणाऱ्या वाफेत पाणी येतंय अशी सुताच्या खात्याचीही तक्रार होती. बॉयलरच्या पाण्याचा नमुना थंड करून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजला तर ७२०० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ७२०० मिलिग्रॅम. या दाबाच्या बॉयलरला ३००० ते ३५०० च्या आत राहायला हवं.

आता पाणी कुठून येतं ते पाहू. एप्रिलपासून नळाचं पाणी अपुरं पडायला लागलं आणि कारखाना पूर्णपणे बोअरवर गेला. सोलापूरकरांना यात नवीन काही नाही, उन्हाळ्यात सगळे तेच करतात. नळाच्या पाण्याचा हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा, तोही पीपीएममध्ये) १८० आणि टीडीएस ३५० होता. बोअरचा हार्डनेस निघाला ४६० आणि टीडीएस १०५०. खाली काळा कातळ आहे, त्यामुळे सिलिकाही ४५ पीपीएम. पाण्याची जातच बदलली होती आणि बॉयलर रूममध्ये बाकी काहीही बदललं नव्हतं.

बॉयलर सांभाळणारे मामा जुने, परवानाधारक, कामाला चोख माणूस. सॉफ्टनरला मीठ कधी देता, असं विचारलं तर म्हणाले, "सोमवार आन् गुरुवार, सर. एक बी वार चुकवला नाय. तिथं कार्डावरच लिवलंय." भिंतीवर खरंच प्लास्टिकमध्ये मढवलेलं कार्ड होतं. सॉफ्टनर बसवणाऱ्याने त्यावर लिहून दिलं होतं, दोन रिजनरेशनच्या, म्हणजे मीठ देऊन सॉफ्टनर पुन्हा ताजा करण्याच्या, मध्ये ४० घनमीटर पाणी. लाइनला वॉटर मीटर नव्हता, म्हणून कुणीतरी त्या घनमीटरचे दिवस करून घेतले होते. दर तीन कामाच्या दिवसांनी एकदा. मामांनी ते काटेकोर पाळलं होतं, आणि नळाच्या पाण्याला ते अगदी बरोबरही होतं.

हिशेब असा. सॉफ्टनरच्या टाकीत रेझिन, म्हणजे हार्डनेस धरून ठेवणारे मणी, १५० लिटर. एका लिटरमागे साधारण ५० ग्रॅम हार्डनेस धरला जातो, म्हणजे एका भरणीत ७५०० ग्रॅम. १८० हार्डनेसच्या पाण्याला ही भरणी ४१ घनमीटर पुरते. कारखान्याची वाफ दिवसाला १६ टन. ड्रायरचं कंडेन्सेट (वाफेचं पुन्हा झालेलं पाणी) परत येतं ते फक्त ४.८ टन, कारण रंगाईच्या कॅबिनेटांत वाफ उघडीच सोडली जाते, ती परत येत नाही. ब्लोडाऊन, म्हणजे क्षार आणि गाळ काढायला बॉयलरमधून मुद्दाम सोडलेलं पाणी, धरून रोजचं ताजं पाणी १२.४ घनमीटर. ४१ भागिले १२.४, तीन दिवस आणि थोडे तास. कार्ड खोटं नव्हतं.

आता त्याच भरणीला ४६० ने भागा. १६ घनमीटर. म्हणजे सॉफ्टनर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आतच संपत होता, आणि पुढच्या मिठापर्यंत बोअरचं पाणी रेझिनमधून जसंच्या तसं बॉयलरला जात होतं. तोंडी हिशेबावर कुणी विश्वास ठेवू नये म्हणून सोमवारच्या मिठानंतर नमुने घेतले. सोमवारी संध्याकाळी हार्डनेस ३. मंगळवारी दुपारी १४०. बुधवारी सकाळी ४३०. मामांच्या हातात बाटली देऊन त्यांनाच चाचणीच्या द्रावणाचे थेंब टाकायला सांगितले. चांगलं पाणी दर्शकाने लगेच निळं होतं, जड पाणी लालच राहतं आणि थेंबामागून थेंब टाकावे लागतात. बुधवारच्या बाटलीत थेंब मोजता मोजता मामा गप्प झाले. कारखान्यात चाचणीचं किट होतं, पण त्यातलं द्रावण कधीच वाळून गेलं होतं.

तीन दिवसांत ३७ घनमीटर पाणी, त्यात १७ किलो हार्डनेस, त्यातला साडेसात सॉफ्टनरने धरला. उरलेला साडेनऊ किलो बॉयलरमध्ये. महिन्याच्या २६ दिवसांत ८० किलोच्या वर, आणि एप्रिल ते जून मिळून २५० किलो. या बॉयलरची तापणारी पृष्ठं साधारण ६० चौरस मीटर. सगळीकडे १ मिलिमीटर थर बसवायला दीडशे किलो क्षार पुरतात. बाकीचा गाळ होऊन तळाशी. बॉयलर उघडण्याआधीच आत काय असेल याचा अंदाज कागदावर आला होता.

केमिकलवाल्याने काय केलं होतं, तेही सांगायला हवं. गळती सुरू झाल्यावर त्याने डोस वाढवायला सांगितला आणि रोज १ किलोच्या जागी २ किलो फॉस्फेट जायला लागलं. फॉस्फेटचं काम सॉफ्टनरमधून निसटलेल्या दोन-चार पीपीएमचा बंदोबस्त करणं. रोजच्या सव्वातीन किलो हार्डनेसला पुरं पडायचं तर स्फटिकरूपातलं ट्रायसोडियम फॉस्फेट रोज ७ ते ८ किलो लागलं असतं, आणि त्या सगळ्याचा चिखल ब्लोडाऊनने बाहेर काढावा लागला असता. शिवाय डोसिंग पंप बंद असल्याने ते फीड टाकीतच, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीतच, ओतलं जात होतं. जड पाण्यात फॉस्फेट पडलं की ते तिथेच फाटतं. फीड टाकीच्या तळाला बोटभर मऊ पांढरा गाळ सापडला तो त्याचाच. बॉयलरपर्यंत फारच थोडं पोचत होतं.

मग बॉयलर थंड करून उघडला. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती सगळीकडे चुकीची चालते. बॉयलर उघडायचा म्हणून घाईघाईने गरम असतानाच, थोड्या दाबावर रिकामा करतात. पाणी निघून जातं आणि चिखल मागे राहतो, तो तापलेल्या नळ्यांवर भाजला जातो. जो गाळ पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन गेला असता, तो मग छिन्नीने निघत नाही. बॉयलर भरलेला ठेवून पूर्ण थंड होऊ द्यायचा, मग पाणी सोडायचं आणि ओल्यातच फवारा मारायचा. इथेही महिन्याच्या सफाईला गरम बॉयलर रिकामा करायची पद्धत होती.

मडहोल (गाळ काढायचं खालचं तोंड) उघडलं तर तळाशी चार बोटं राखाडी गाळ. खालच्या रांगांतल्या काही नळ्यांच्या मधली फट क्षाराने भरून गेलेली, म्हणजे तिथे पाणी फिरतच नव्हतं. मागच्या ट्यूब प्लेटवर थर दीड ते दोन मिलिमीटर, इतरत्र मिलिमीटरच्या आत.

प्लेटजवळून सुटलेला एक तुकडा उजेडात धरून पाहिला. त्यात दोन पदर स्पष्ट दिसत होते. पाण्याकडचा पदर पांढुरका, बोटांत चुरला जाणारा. धातूकडचा पदर पातळ, गडद, चिनीमातीच्या कपासारखा गुळगुळीत आणि कडक. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर पांढरा पदर फसफसला, तो कार्बोनेट. आतल्या पदराने आम्लाची दखलच घेतली नाही. लोहचुंबकालाही तो चिकटला नाही, म्हणजे बॉयलरमधला काळा, चुंबकीय गंज नव्हे. प्रयोगशाळेने नंतर त्यात सिलिका आणि सल्फेट दाखवलं. घटनाक्रमाशी हे जुळत होतं, कारण टीडीएस ७२०० वर गेला तेव्हा त्या पाण्यातला सिलिकाही ३०० च्या घरात गेलेला असणार, आणि सोबतीला कॅल्शियम-मॅग्नेशियम तयार होतंच.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या प्रशिक्षण साहित्यात १ मिलिमीटर थरामागे इंधन ५ ते ८ टक्के वाढतं असं दिलेलं असतं. मला या प्रकरणात तेवढं सापडलं नाही. चिमणीचं तापमान २२ अंशांनी वाढलं की कार्यक्षमता साधारण १ टक्का जाते. त्या हिशेबाने थराचे इथे २ टक्के, काजळीचा पाऊण, आणि इंधन जास्त लागतं या मालकांच्या तक्रारीतला उरलेला जादा खप मला तरी पावसात भिजलेल्या ब्रिकेटचा वाटला. थराची भीती इंधनाच्या बिलाने घालू नये असं माझं ठाम मत आहे. खरा धोका धातूला असतो. अशा थराची उष्णतावाहकता १ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास धरली आणि मागच्या प्लेटजवळ चौरस मीटरमागे १०० किलोवॅट उष्णता आत येते असं मानलं, तर १ मिलिमीटर थर धातूचं तापमान १०० अंशांनी वाढवतो. पाणी १७५ अंशांना असताना दोन मिलिमीटर थराखालचा धातू पावणेचारशेच्या पुढे. सिलिकाचा पदर तर याहून कितीतरी वाईट. लोड चढला-उतरला की नळीचं टोक आणि प्लेट वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि एक्स्पांड केलेला सांधा सैल होतो. पुन्हा एक्स्पांड केला तर थोडे दिवस टिकतो, कारण मूळ दुखणं तसंच आत बसलेलं असतं. नवीन नळ्या घातल्या असत्या तर त्याही तशाच गळल्या असत्या.

सफाई दोन टप्प्यांत झाली. आतला पदर आम्लाला दाद देत नसल्याने आधी सोडा अॅश आणि ट्रायसोडियम फॉस्फेट घालून कमी दाबावर दीर्घ उकळी दिली. त्याने सल्फेटचं कार्बोनेट होतं आणि सिलिकाचा पदर सैल पडतो. मग गंजरोधक मिसळलेलं ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल ५५ ते ६० अंशांना फिरवलं. दर तासाला आम्लाची तीव्रता मोजली. ती घटायची थांबली म्हणजे विरघळण्याजोगं संपलं, त्यापुढे आम्ल धातू खायला लागतं, म्हणून तिथेच थांबायचं. या कामात हायड्रोजन सुटतो. वरचे व्हेंट उघडे हवेत, जवळपास विडी-वेल्डिंग काहीही नको, आणि जाणकार माणसाशिवाय याला हात लावू नये. शेवटी सोड्याने उदासीन केलं आणि धुवण सांडपाणी प्रक्रियेकडे नेलं. बाष्पके संचालनालयाची परवानगी घेऊन सात नळ्या बदलल्या आणि पाण्याच्या दाबाची चाचणी झाली. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या बॉयलर कायद्याने घेतली असली, तरी अशी दुरुस्ती परस्पर करायची नसते हे बदललेलं नाही.

हे सगळं निस्तरणं सोपं होतं. पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं, यात जास्त डोकं लागलं, कारण इथे एक गोष्ट दुसरीला ओढत होती.

पहिलं काम, सॉफ्टनरच्या आउटलेटला वॉटर मीटर आणि भिंतीवर नवीन कार्ड. त्यावर एकच ओळ: ७००० भागिले आजचा हार्डनेस, आलेल्या घनमीटरला मीठ. ७५०० ऐवजी ७००० घेतले ते थोडा वाव राहावा म्हणून. वार कुठेही लिहिला नाही. प्रत्येक पाळीला आउटलेटची थेंब चाचणी, आणि ५ च्या वर गेलं की मीटर काहीही सांगो, मीठ द्यायचं. भरणीला २४ किलो खडेमीठ, तेही स्वच्छ. रंगखात्यात उघड्यावर पडलेल्या पोत्यांतलं मातीमिश्रित मीठ आणलं की रेझिन मळतं.

दुसरं काम ब्लोडाऊनचं. सॉफ्टनर कॅल्शियम घेऊन सोडियम देतो, टीडीएस तसूभरही कमी करत नाही, हे मालकांना नवीन होतं. नळाच्या पाण्यावर टीडीएस ३५०० च्या आत ठेवायला दिवसाला सव्वा टन ब्लोडाऊन पुरायचा. बोअरच्या पाण्याला तो ४.८ टन लागतो. मामा जुन्या सवयीने सव्वा टनच सोडत होते, म्हणून ७२०० आलं आणि काच उसळू लागली. त्यांना लिटरमध्ये सांगून उपयोग नव्हता. या बॉयलरच्या पाण्याची पाठ साधारण ५ चौरस मीटर, म्हणजे काचेत १ सेंटिमीटर उतार म्हणजे ५० लिटर. ४.८ टनांसाठी ताशी ३०० लिटर, म्हणजे ६ सेंटिमीटर. एवढं तळातून काढत बसण्यापेक्षा वरच्या बाजूला सतत सोडणारा लहान व्हॉल्व्ह बसवला, टीडीएस त्याच्याकडे दिला. तळाचा ब्लोडाऊन फक्त गाळासाठी: सकाळी जाळ वाढवण्याआधी, रात्रभरात गाळ खाली बसलेला असताना, आणि मग पाळीत कमी लोडला. व्हॉल्व्ह पाच-सात सेकंद पूर्ण उघडायचा, बंद करायचा, पुन्हा उघडायचा. एकदाच लांबलचक सोडला तर तोंडाजवळचा गाळ जातो आणि मागून नुसतं पाणी.

पण ब्लोडाऊन वाढला की ताजं पाणी वाढतं. १२.४ चं १६ घनमीटर झालं, म्हणजे सॉफ्टनरची अख्खी भरणी एका दिवसात संपायला लागली. रोज मीठ. त्यावर सिलिका. बॉयलरच्या पाण्यात सिलिका कॉस्टिक अल्कलिनिटीच्या (पाण्यातल्या कॉस्टिकच्या मोजमापाच्या) ०.४ पटीच्या आत हवा. अल्कलिनिटी ३५० धरली तर मर्यादा १४०. टीडीएस ३५०० ला नेला तर सिलिका १५० होतो, म्हणजे आतला कडक पदर पुन्हा येण्याची वाट मोकळी. म्हणून या पाण्याला टीडीएसची मर्यादा ३००० वर आणावी लागली. मग ब्लोडाऊन ६ टन, ताजं पाणी १७ घनमीटर, आणि कधी कधी दिवसात दोनदा मीठ. सोलापुरातल्या बोअरच्या पाण्यावर नुसत्या सॉफ्टनरने भागवायचं ठरवलं की शेवटी इथेच येऊन थांबावं लागतं. त्या पावसाळ्यात नळाचं पाणी परत येईपर्यंत मामांनी तेही केलं.

पुढच्या उन्हाळ्यासाठी आरओ घ्यावा का, यावर मालक अडून बसले होते. आरओ पाणी फार वाया घालवतो, ही त्यांची हरकत. ती हिशेबाने सुटली. आरओनंतर टीडीएस ५० धरला तर ब्लोडाऊन दिवसाला २०० लिटरच्या आत येतो आणि ताजं पाणी साडेअकरा घनमीटर पुरतं. ७० टक्के उतारा (आत घातलेल्यातलं वापरता येणारं पाणी) धरला तर बोअरमधून १६ ते १७ घनमीटर उपसावं लागेल, म्हणजे आता उपसतात तेवढंच. फरक इतकाच की आज ६ टन पाणी १७५ अंशांपर्यंत तापवून गटारात जातं, आरओ असेल तर पाच टन गार पाणी जाईल. त्या ६ टनांची उष्णता म्हणजे रोज ३०० किलोच्या वर ब्रिकेट. रोजच्या साडेतीन टनांच्या खपात हा आकडा मालकांना बरोबर लागला.

आरओ फेब्रुवारीत बसला. त्याच्या आधी अँटिस्केलंटचा (थर रोखणाऱ्या रसायनाचा) डोस आहे आणि जुना सॉफ्टनर आता आरओच्या नंतर, उरलासुरला २० पीपीएम हार्डनेस पकडायला. कार्डावरच्या सूत्राने त्याला साडेतीनशे घनमीटर चालायला हवं. फॉस्फेट रोज अर्धा किलो, दुरुस्त केलेल्या पंपातून थेट फीड लाइनमध्ये. चिमणी २१८ वर आहे. रंगाईच्या कॅबिनेटांत उघड्या वाफेऐवजी बंद कॉइल घालून कंडेन्सेट वाढवायचं काम अजून बाकी आहे. कॉइल फुटली तर रंग आणि मीठ थेट फीड टाकीत येईल, त्यामुळे परतीच्या लाइनला टीडीएसचा सेन्सर आणि बाहेर वळवणारा व्हॉल्व्ह बसल्याशिवाय ते सुरू करायचं नाही, असं ठरलं आहे.